रंगाच्या हौदातले गणित

अक्कलकोट रोड एमआयडीसी ही सोलापूर शहराच्या आग्नेयेला, अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. चादरी, टॉवेल आणि नॅपकिन विणणारे यंत्रमाग, त्यांना बीम भरून देणारी वार्पिंग-सायझिंगची युनिटे आणि सूत रंगवणारी डाइंग हाउसे ही तिची मुख्य ओळख. सोलापुरी चादरीची आणि जेकार्डच्या टॉवेलची नक्षी छापलेली नसते, ती विणीतून उमटते. त्यासाठी सूत आधी रंगवावे लागते आणि मग मागावर चढवावे लागते. विणलेले पांढरे कापड नंतर रंगवले आणि छटा थोडी उतरली, तरी ती ठाणभर सारखीच उतरते. आधी रंगवलेल्या सुताला ही सवलत नाही. आजच्या आणि परवाच्या लॉटमधला फरक एकाच टॉवेलच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांत दिसतो. म्हणून या गावात रंगाईची कसोटी एकच राहिली: काल जो रंग आला, तोच आज, तेवढ्याच खर्चात, पुन्हा आला पाहिजे.

याच कसोटीचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे प्रक्रिया-इष्टतमीकरण, कारखान्यांच्या भाषेत प्रोसेस ऑप्टिमायझेशन. केमिकल इंजिनिअरिंगच्या विभागांत प्राध्यापकांनी सारे आयुष्य त्यात घातले आहे. तेलशुद्धीकरणाचे अवाढव्य कारखाने हेच त्याचे माहेर, असा समज सर्वत्र आहे. पण त्याच्या काही महत्त्वाच्या पद्धती रंगाच्या उद्योगात जन्मल्या, आणि भारतात या विद्येचे पहिले घर कापडाच्या रसायनशास्त्राशेजारी बांधले गेले. सोलापूरच्या डाइंग हाउसचा इतिहास आणि या प्राध्यापकांचा इतिहास एकत्र वाचला तर दोन्ही अधिक नीट कळतात.

सोलापूरची रंगाई गिरण्यांपेक्षा जुनी आहे. निळीचे काम करणारे निराळी आणि इतर रंग देणारे रंगारी दख्खनच्या पेठांतून होतेच. निळीचे पीप आंबवून तयार करावे लागे, आणि ते जमले की बिघडले हे वासावरून व वरच्या फेसावरून ओळखत. लाल रंग आलीच्या मुळांपासून मिळे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या पेठेला हातमागाचे मोठे बळ दिले, आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलणारा झाला. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. तिलाच पुढे सारे गाव ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. तिच्या मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. कोळशाच्या डांबरापासून बनलेले कृत्रिम रंग युरोपातून येऊ लागले आणि नीळ व आल मागे पडली.

यंत्रमागांचा पसारा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाकघर आणि अंगणात रंगाचे हौद, असा पूर्व भागातला कारखाना होता. राज्य सरकारने १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले, आणि पुढे अक्कलकोट रस्त्यावरच्या वसाहतीत या धंद्याला शेड, रस्ते, वीज आणि पाणी एका जागी मिळाले. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तरी चादर-टॉवेलचा धंदा टिकला. भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या काही वस्तूंत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची गणना होते.

हौदावरची रंगाई अशी चाले. सुताच्या लड्या दांड्यांवर टांगून रंगाच्या पाण्यात सोडायच्या आणि दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी त्या फिरवत राहायचे. पक्क्या लाल आणि मरून छटांसाठी नॅप्थॉल वापरत. सूत आधी नॅप्थॉलच्या अल्कलीयुक्त पाण्यात भिजवायचे, मग बर्फ घालून थंड ठेवलेल्या बेसच्या, म्हणजे रंगाच्या दुसऱ्या घटकाच्या, द्रावणात बुडवायचे. रंग सुतावरच तयार होई. हिरव्या-निळ्या पक्क्या रंगांसाठी व्हॅट रंग होते. ते कॉस्टिक आणि हायड्रोसल्फाइटने विरघळवावे लागत, आणि हवा लागली की पुन्हा घट्ट होऊन सुतात अडकत. हे सारे डाइंग मास्तरच्या नजरेवर आणि सवयीवर चाले. ओली लडी पिळून, सुकवून, उत्तरेच्या उजेडात नमुन्याशेजारी धरायची. कमी वाटली तर मूठभर रंग आणखी.

मास्तरच्या या कसबाला कमी लेखण्याचे कारण नाही. सुताचा पीळ, पाण्याची चव, वाफेचा जोर आणि हवेतला दमटपणा इतक्या गोष्टी एकदम ध्यानात ठेवून तो निर्णय घेत असे. उणीव एवढीच की ते ज्ञान कागदावर उतरत नसे. मास्तर दुसऱ्या कारखान्यात गेला की छटा त्याच्याबरोबर जाई.

मुंबईत याच उणिवेवर संस्थात्मक उपाय १९३३ मध्ये सुरू झाला. सर विठ्ठल चंदावरकर कुलगुरू असताना मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. यूडीसीटी या नावाने तो ओळखला गेला, आणि २००८ पासून तो आयसीटी हे विद्यापीठ आहे. आरंभी त्यात दोनच शाखा होत्या: टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग. ही जोडी योगायोगाने जमली नव्हती. कापडगिरण्या हा मुंबई इलाख्याचा सर्वांत मोठा उद्योग होता, आणि ब्लीचिंग, रंगाई व छपाई ही त्यातली सर्वांत जास्त रसायने खाणारी कामे. पहिले प्रमुख आर. बी. फॉर्स्टर यांच्यानंतर १९३८ मध्ये के. वेंकटरामन आले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि जगभर प्रमाण मानला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या जागी पुढे आलेले बाळ दत्तात्रेय टिळक हेही रंगरसायनाचेच अभ्यासक. प्रयोगशाळेत पदार्थ बनवणे आणि तो कारखान्यात परवडेल असा बनवणे यांतले अंतर या पिढीला रोज दिसत होते.

ते अंतर मोजण्याचे साधन तेव्हा इंग्लंडात तयार होत होते, आणि तेही एका रंगाच्या कंपनीत. मँचेस्टरच्या ब्लॅकली भागात आयसीआय या ब्रिटिश रासायनिक कंपनीचा डायस्टफ्स, म्हणजे रंगांचा, विभाग होता. जॉर्ज बॉक्स तिथे संख्याशास्त्रज्ञ म्हणून १९४८ मध्ये रुजू झाला. आधी तो रसायनशास्त्र शिकला होता. के. बी. विल्सन या रसायनतज्ज्ञाबरोबर त्याने १९५१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सर्वांत चांगली परिस्थिती कमीत कमी प्रयोगांत कशी शोधावी, हा त्याचा विषय. तोवरची रीत एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची होती: तापमान बदलून पाहा, जमले की ते पक्के करा, मग मीठ बदला, मग सोडा. बॉक्स आणि विल्सन यांनी दाखवले की या रीतीने माणूस पुष्कळदा चुकीच्या जागी थांबतो. तापमान आणि सोडा एकमेकांचा परिणाम बदलतात, म्हणून ते एकत्रच बदलून पाहावे लागतात. मीठ, सोडा आणि तापमान यांची प्रत्येकी एक कमी व एक जास्त पातळी धरली तर आठ लॉट होतात. या आठांतून तिघांचा स्वतंत्र परिणाम तर कळतोच, शिवाय कोण कोणाशी गुंतले आहे हेही कळते. मग ज्या दिशेला फायदा वाढतो त्या दिशेने पुढचे प्रयोग करायचे.

१९५७ मध्ये बॉक्सने यापुढची पायरी मांडली. कारखाना बंद न ठेवता चालू उत्पादनातच, माल बिघडणार नाही इतके लहान बदल ठरवून करत राहायचे आणि नोंदींवरून प्रक्रिया सुधारत न्यायची. स्वतंत्र प्रयोगशाळा नसलेल्या छोट्या कारखान्याला याहून योग्य पद्धत दुसरी नाही. तरीही ती अभ्यासक्रमात जेवढी शिकवली गेली तेवढी औद्योगिक वसाहतींत पोचली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ब्लॅकलीच्या त्याच विभागात १९५४ मध्ये इयन रॅटी आणि विल्यम स्टीफन यांनी सुताशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग शोधला. १९५६ मध्ये तो प्रोसिऑन नावाने बाजारात आला. हेच रिअॅक्टिव्ह रंग. छटा तेजस्वी, वापर सोपा, बर्फ नको, हायड्रोसल्फाइट नको. १९९०च्या दशकात जर्मनीने घातक अमाइन सोडणाऱ्या अॅझो रंगांवर बंदी आणली, भारतानेही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली, आणि निर्यातीचा टॉवेल रंगवणाऱ्याला काही जुन्या बेसवर पाणी सोडणे भाग पडले. सुती मालासाठी रिअॅक्टिव्ह हा मुख्य मार्ग ठरला.

या रंगात एक अवघड पेच दडलेला आहे. रंगाचा रेणू सोड्याच्या अल्कलीत सुतातल्या सेल्युलोजशी जोडला जातो, पण त्याच वेळी तो पाण्याशीही अभिक्रिया करतो. पाण्याशी जुळलेला रेणू कायमचा निकामी होतो. तो सुतावर नुसता चिकटतो आणि धुण्यात निघून जातो. साधारणपणे घातलेल्या रंगातला ६० ते ८० टक्के भाग पक्का बसतो, उरलेला गटारात जातो. तापमान वाढवले की रंग सुताच्या आत लवकर शिरतो, पण पाण्याशी होणारी अभिक्रियाही वेग घेते. सोडा लवकर घातला तर रंग आत पोचण्याआधीच वाया जातो, उशिरा घातला तर पाळी संपत येते. मीठ जास्त घातले की रंग पाण्यातून सुताकडे ढकलला जातो, पण तो धागाभर सारखा बसत नाही. आत शिरण्याचा वेग आणि अभिक्रियेचा वेग यांची ही शर्यत आहे.

हीच शर्यत केमिकल इंजिनिअरिंगमधला एक मूलभूत प्रश्न आहे, आणि त्यावर काम करणाऱ्या प्राध्यापकांत मुंबईचे मनमोहन शर्मा अग्रगण्य होत. जन्म १९३७ चा, जोधपूरचा, पदवी यूडीसीटीची. पुढे ते केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेले सुरुंग निकामी केल्याबद्दल जॉर्ज क्रॉस मिळवलेला हा माणूस नंतर या शास्त्राचा मोठा आचार्य झाला. एखादा पदार्थ द्रवात शिरत असतानाच त्याची अभिक्रियाही होत असेल तर एकूण वेग किती, याचे गणित डँकवर्ट्स यांनी मांडले होते. रंगाईच्या अभ्यासकांनी तेच गणित रिअॅक्टिव्ह रंग सुतात शिरताना लावले, आणि ते बसले. अल्कली आणि अमाइनच्या द्रावणांत कार्बन डायऑक्साइड कसा शोषला जातो, यावरचा डँकवर्ट्स आणि शर्मा यांचा १९६६चा निबंध आजही संदर्भासाठी उघडला जातो.

शर्मा १९६४ मध्ये मुंबईला परतले ते थेट प्राध्यापक म्हणून, वयाच्या २७व्या वर्षी. परदेशात सहज मिळाली असती अशी प्रयोगशाळा त्यांना इथे मिळणार नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी साध्या काचेच्या उपकरणांवर जगन्मान्य संशोधन केले, आणि देशी रासायनिक कारखान्यांचे प्रश्न वर्गात आणले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे एल. के. दोराईस्वामी आणि शर्मा यांचा विषमप्रावस्था अभिक्रियांवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९८४ मध्ये आला. महाराष्ट्रातल्या दोन संस्थांत मिळून घडलेले हे काम रिअॅक्टरच्या रचनेवरचे प्रमाण पुस्तक ठरले. शर्मा १९८९ ते १९९७ यूडीसीटीचे संचालक होते. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते.

वेगाचे गणित कळले तरी निवड करायची उरते. रंग बसला पाहिजे, खर्च कमी झाला पाहिजे, पाणी ठराविक मर्यादेत हवे, बॉयलरची वाफ तेवढीच आहे. साध्य एक आणि बंधने अनेक, असा प्रश्न सोडवण्याचे गणित जॉर्ज डँटझिग यांच्या १९४७च्या सिम्प्लेक्स पद्धतीपासून झपाट्याने वाढले. मुंबई आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधून त्याला नवी वाट दिली. बंधनांच्या कडेकडेने जाण्याऐवजी मधून जाणाऱ्या त्यांच्या रीतीने खूप मोठे प्रश्न व्यवहारात सुटू लागले.

पण ही गणिते सुरळीत, अखंड चालणाऱ्या कारखान्याला सोपी जातात. डाइंग हाउस तसे नसते. तिथे काम लॉटने होते; सुरुवात वेगळी, मध्य वेगळा, शेवट वेगळा. अशा लॉटच्या प्रक्रियांवर उर्मिला दिवेकर यांनी आपली कारकीर्द उभी केली. मुंबई आयआयटीत त्यांनी डॉक्टरेटसाठी बॅच ऊर्ध्वपातनावर काम केले. मिश्रण उकळत जाते तसे भांड्यातले त्याचे घटक बदलतात, म्हणून किती द्रव परत स्तंभात सोडायचा हेही तासागणिक बदलले पाहिजे. तो बदल कसा असावा याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही, वेळेबरोबर चालणारी एक वक्ररेषाच शोधावी लागते. अमेरिकेत कार्नेगी मेलन आणि शिकागोतील इलिनॉय विद्यापीठ इथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले, पुढे विश्वामित्र रिसर्च इन्स्टिट्यूट स्थापन केली. बॅच ऊर्ध्वपातनावरचे त्यांचे पुस्तक १९९५चे, उपयोजित ऑप्टिमायझेशनवरचे २००३चे.

दिवेकरांच्या कामाचा दुसरा भाग अनिश्चिततेचा आहे. गणितात घातलेले आकडेच पक्के नसतील तर काय करायचे? एक मार्ग असा की अनिश्चित गोष्टींच्या शेकडो शक्यता नमुना म्हणून काढायच्या आणि त्या सगळ्यांत मिळून जे चांगले टिकेल ते निवडायचे. असे नमुने कमी संख्येत पण सर्वत्र सारखे पसरलेले कसे काढावेत, यावर दिवेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे विशेष काम आहे. अक्कलकोट रोडवर अनिश्चितता रोजची आहे. कापसाचा प्रत्येक हंगाम वेगळा, सुताचा प्रत्येक लॉट वेगळा. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात एक. जड पाण्यात रंगाचा साका बसतो आणि छटा मळकट होते. वीज गेली की चढते तापमान मध्येच थांबते. अशा ठिकाणी पुस्तकातले सर्वोत्तम उत्तर एका वाईट दिवशी सारा लॉट घालवते. किंचित महाग पण सगळ्या दिवसांत निभावणारी कृती अधिक किफायतशीर पडते. अनुभवी मास्तर मीठ जरा जास्त का घालतो आणि दहा मिनिटे जास्त का चालवतो, याचा खुलासा इथे मिळतो. तो अनिश्चिततेचा विमा काढत असतो. हा विमा मोजून काढला तर पुष्कळ स्वस्त पडतो.

सोलापुरात या गणितातले सर्वांत कडक बंधन पाणी. जिल्हा अवर्षणाचा, एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुखचा तलाव आणि १९८०च्या सुमारास पूर्ण झालेले भीमेवरचे उजनी धरण, यांच्या भरवशावर शहर वाढले. रंगाईत पाण्याचा हिशेब सूत आणि पाणी यांच्या प्रमाणाने करतात. १०० किलो सुताला हौदात १ : २० प्रमाणाने २,००० लिटर पाणी लागते. उकळणे, ब्लीच, रंग, साबण आणि मधली धुणी धरून आठ पाणी झाली, तर १६,००० लिटर. तेच सूत सैल कोनवर गुंडाळून, रंगाचे पाणी पंपाने आतून-बाहेरून फिरवणाऱ्या बंद यंत्रात १ : ८ प्रमाणाने रंगवले तर ६,४०० लिटर पुरते. मीठ लिटरला ६० ग्रॅम धरले तर पहिल्या रीतीत रंगाच्या एका पाण्याला १२० किलो लागते, दुसऱ्या रीतीत ४८. रंगाचे पाणी ३० वरून ८० अंशांवर न्यायला २,००० लिटरसाठी एक लाख किलोकॅलरी उष्णता लागते, ८०० लिटरसाठी चाळीस हजार. एका प्रमाणाचा बदल पाणी, मीठ आणि जळण या तिन्ही खात्यांत एकदम उतरतो. पण लहान युनिटच्या मालकासाठी नवे यंत्र म्हणजे मोठे कर्ज, आणि लहान लॉटच्या ऑर्डरींना हौदच सोयीचा असतो. म्हणून दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात.

रंगापेक्षा धुण्याला पाणी जास्त जाते, आणि सुधारणेला वावही तिथेच अधिक आहे. न बसलेला रंग काढायला उकळते पाणी लागते, पण मीठ उरले असेल तर तोच रंग सुताला धरून राहतो. म्हणून आधी थंड-कोमट पाण्याने मीठ काढायचे आणि मगच साबणाचे उकळते पाणी द्यायचे, हा क्रम पाळला तर एक-दोन पाणी वाचतात. शेवटच्या धुण्याचे जवळजवळ स्वच्छ पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरणे, ही केमिकल इंजिनिअरिंगमधली उलट-प्रवाहाची जुनी कल्पना. तिला लागते एक टाकी, एक पंप आणि वेळापत्रक. सुटलेल्या गरम पाण्याची उष्णता आत येणाऱ्या थंड पाण्याला देणारे साधन बसवले तर बॉयलरचे जळणही कमी होते.

सांडपाण्याचा प्रश्न १९७४च्या जलप्रदूषण कायद्यापासून बंधनांच्या यादीत आला आणि नंतर कडक होत गेला. रंग आणि सेंद्रिय घाण चुन्याने, तुरटीने किंवा जिवाणूंनी बरीच काढता येते. मीठ मात्र या कोणत्याही उपायाने निघत नाही. ते काढायला दाबाखालची पडदा-गाळणी आणि त्यानंतर पाणी आटवणे एवढाच मार्ग आहे, आणि तो रंगाईइतकाच खर्चिक होऊ शकतो. विहिरीत उतरलेले मीठ शेजारच्या शेतात जाते, ज्वारीच्या मुळाशी जाते. त्यामुळे मीठ हौदातच कमी घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो: दोन ठिकाणी बंध जोडणारे, जास्त टक्के बसणारे रंग निवडणे, पाण्याचे प्रमाण खाली आणणे, आणि पहिल्याच वेळी छटा बरोबर येईल अशी कृती लिहून ठेवणे. छटा चुकली की लॉट पुन्हा उतरवून रंगवावा लागतो, आणि त्या एका लॉटवर पाणी, मीठ, वाफ सारे दुप्पट जाते.

त्यासाठी लागणारी पहिली साधने साधी आहेत: पाण्याचा मीटर, वाफेच्या नळीवर दाबमापक, सामू मोजणारे उपकरण, रंग तोलायला ग्रॅमचा काटा आणि प्रत्येक लॉटची वही. छटा आकड्यांत मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि तापमान ठरल्या वक्ररेषेने चढवणारा कंट्रोलर ही त्यापुढची पायरी, आणि निर्यात करणाऱ्या युनिटांना ती घ्यावीच लागते. वहीत दोन-तीनशे लॉट जमले की बॉक्सची आठ-लॉटची पद्धत त्या युनिटच्या स्वतःच्या सुतावर, स्वतःच्या बोअरच्या पाण्यावर लावता येते. इचलकरंजीच्या डीकेटीईसारख्या वस्त्रतंत्र शिकवणाऱ्या संस्था आणि आयसीटीचा वस्त्ररसायन विभाग यांच्या विद्यार्थी-प्रकल्पांत मीठ, सोडा, तापमान आणि वेळ यांवरचे असे प्रयोग हा नेहमीचा विषय आहे. मास्तरच्या हाताखाली चालणाऱ्या हौदावर तेच प्रयोग झाले, तर आकडे त्या गावच्या पाण्याचे येतात.